सिनेमांची नोंद दरवर्षी मार्चमध्ये बंद पडते? वर्षाखेरीस आकडे जुळत नाहीत? आधी हे तपासा

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन आकडे मांडून बसले होते. वहीत वर्षभरात पाहिलेले ७९ सिनेमे. लेटरबॉक्स्ड या सिनेमांची नोंद ठेवायच्या संकेतस्थळावर ८८. आणि हे दोन्ही कमी पडतील म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हौसेने केलेल्या एक्सेलच्या शीटमध्ये ९४. बघणारी मी एकच. शिवाय मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशांचा मेळ पैशापैशाने लावण्याचा पगार घेते. अण्णांनी तिन्ही आकडे चष्म्यातून पाहिले आणि म्हणाले, "कंपनीत कळू देऊ नकोस."

आकडे न जुळण्याची ही पहिली वेळ असली, तरी नोंद बिघडण्याची नव्हती. आधीची तीन वर्षं ती धड पूर्णच झाली नाही, दर वर्षी मार्चमध्ये गळाठली. यंदा जानेवारीचे तीन रविवार घालून सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं. ज्यांची नोंद अशीच अडते त्यांच्यासाठी, कुठे काय सापडलं ते लिहिते आहे. तुमचा बिघाड यातला एखादाच असेल. तेवढंच वाचून निघालात तरी चालेल.

नोंद दोन-तीन महिन्यांत थांबते

मी इतकी वर्षं दोष मार्चला देत होते. हिशेबाच्या माणसाला मार्च म्हणजे काय हे सांगायला नको. पण जुन्या वह्या काढून पाहिल्या तर मार्चमध्ये सिनेमे कमी झालेले नव्हते. उलट रात्री साडेनऊला घरी आल्यावर डोकं चालत नाही म्हणून जास्तच पाहिले जात होते. थांबत होतं ते लिहिणं.

कारण जानेवारीच्या पानांवरच होतं. २ जानेवारीची नोंद दीड पान. छायाचित्रण, पार्श्वसंगीत, 'मध्यंतरानंतर पकड सुटते' वगैरे. पेनही वेगळं, जांभळं. फेब्रुवारीत नोंदी सहा ओळींवर आलेल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सिनेमाचं नाव, खाली 'लिहायचंय', आणि त्याखाली अर्धं पान कोरं सोडलेलं. अशी तीन कोरी पानं साठली की मग वही उघडावीशीच वाटत नाही. गल्लीतल्या वाण्याची उधारी थकली की आपण पलीकडच्या रस्त्याने घरी जातो, तसंच.

यावरचा इलाज मला अण्णांच्या दुकानाने दिला. रविवार कारंज्याजवळ त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून ते रोजकीर्द लिहायचे. त्या दिवशी जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने, एकेका ओळीत. कुणाच्या खात्यावर काय चढलं, कुणाकडून किती येणं आहे, ही खतावणी वेगळी, ती आठवड्याने, सवडीने. मी विचारलं, दोन्ही एकदमच का नाही उरकायचे? तर म्हणाले, "कीर्द लिहिताना विचार करायचा नाही आणि खतावणी करताना आठवत बसायचं नाही. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही राहतं."

माझी वही नेमकी इथे बिघडली होती. मी दर रात्री कीर्द आणि खतावणी एकदम करायला बसायचे.

आता सिनेमा संपला की एक ओळ लिहिते: तारीख, नाव आणि त्यापुढे सिनेमाचं वर्ष, कुठे पाहिला, कुणासोबत. बस. तारे नाहीत, मत नाही. मिनिटभराच्या आत होतं, दात घासायच्या आधी. मत द्यायचंच असेल तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मिसळ खाऊन आल्यावर, त्या महिन्याच्या ओळी समोर ठेवून. गंमत म्हणजे दहातल्या सहा सिनेमांबद्दल महिन्याने काही म्हणायचंच नसतं. पूर्वी त्यांच्यावर अर्धं-अर्धं पान खर्ची पडायचं.

'कुणासोबत' हा रकाना फालतू वाटेल. काढू नका. अण्णांना एकाही सिनेमाचं नाव धड आठवत नाही. पण तुझी मावशी आली होती तेव्हाचा, पावसात रिक्षा मिळाली नव्हती तो, असं म्हटलं की गोष्ट पहिल्या दृश्यापासून सांगतात. पुढे तारखांचा गुंता सोडवताना याच रकान्याने मला सर्वांत जास्त वाचवलं.

मधले दोन-तीन महिने कोरे आहेत, ते कसे भरायचे

पहिली गोष्ट, कोऱ्या जागा भरायला मागे जाऊ नका. आजच्या तारखेखाली रेघ मारा आणि आजपासून लिहायला लागा. मागचं भरणं हे वेगळं काम आहे, ते चालू कामात मिसळलं की दोन्ही रखडतात.

मागचं भरताना पुरावा आधी, आठवण शेवटी. तिकीट ऑनलाइन काढलं असेल तर त्याचा ईमेल किंवा मेसेज सर्वांत भरवशाचा, कारण त्यात नाव, तारीख, खेळाची वेळ आणि खुर्च्या किती ते सगळं असतं. त्यानंतर फोनवरून केलेल्या पैशांच्या व्यवहारांची यादी. मध्यंतरातल्या पॉपकॉर्नचे पैसे रात्री ११ वाजून ४ मिनिटांनी गेले असतील तर आपण त्या रात्री कुठे होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. घरी पाहिलेल्यांसाठी नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला पाहिलेल्याची यादी असते आणि ती फाइल म्हणून उतरवूनही घेता येते. यूट्यूबचा इतिहास गूगल खात्यात सापडतो, फक्त तो ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसला जाण्याची सोय तिथे असते. ती चालू आहे का ते आधी पाहा, नाहीतर शोधायला जाल तोवर मागचं साफ झालेलं असेल.

ज्याला आठवणीशिवाय आधार नाही, त्या ओळीपुढे मी 'अं.' लिहिते. अंदाजे. हिशेबात अंदाज लिहायला हरकत नसते, अंदाज आहे हे लपवायला असते.

आणि तिकिटं. इथे माझी फजिती झाली, म्हणून जरा सविस्तर. २०२२ मध्ये मी ठरवलं की वहीत प्रत्येक सिनेमाचं तिकीट चिकटवायचं. पारदर्शक चिकटपट्टी लावून, छान चौकोनात. दिवाळीत वही उघडली तर पानापानावर पिवळट पट्टीखाली कोरे पांढरे कागद. एकावर फक्त 'रांग ई' एवढंच शिल्लक. छपाईला शाई नव्हतीच. हल्लीची तिकिटं आणि बिलं थर्मल कागदावर निघतात. कागदावर रसायनाचा थर असतो, मशीनचं डोकं जिथे तापतं तिथे तो काळा पडतो. हाच थर ऊन, उष्णता, प्लॅस्टिकचं पाकीट आणि चिकटपट्टीचा डिंक यांनी पुन्हा फिका पडतो. म्हणजे मी जपण्यासाठी जे जे केलं, पट्टी लावली, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, वही माळ्याखालच्या कपाटात एप्रिल-मे काढायला ठेवली, ते सगळं पुसण्याचंच काम होतं. तिकीट जपायचंच असेल तर त्याच रात्री फोटो काढा, मागच्या बाजूला पेन्सिलने नाव-तारीख लिहा आणि साध्या कागदी पाकिटात टाका.

यावरून एका मैत्रिणीने सुचवलं की पडद्यावर सुरुवातीला येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्राचाच फोटो काढायचा, त्यात नाव, भाषा, लांबी सगळं असतं. खरं आहे, असतं. पण अंधारात पडद्याकडे मोबाइल रोखू नका. सिनेमागृहात रेकॉर्डिंग करण्याबद्दल २०२३ च्या कायदादुरुस्तीत तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपण फक्त प्रमाणपत्र टिपत होतो हे टॉर्च घेऊन आलेल्या माणसाला समजावत बसण्यात पहिलं गाणं जातं.

महिने उलटेसुलटे होतात

माझ्या शीटचा सर्वांत मोठा रोग हा होता आणि तो ओळखायला मला दोन रविवार लागले. लक्षण असं: शीट तारखेप्रमाणे लावली की पावसाळ्यात पाहिलेले सिनेमे फेब्रुवारीत दिसायचे. काही तारखा यादीच्या तळाशीच जाऊन बसायच्या. मी आधी स्वतःवरच शंका घेतली.

मग एका रात्री नुसतं रकान्याकडे पाहत बसले होते, तेव्हा दिसलं. काही तारखा चौकटीत उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. आणि डावीकडच्या सगळ्याच्या सगळ्या १३ तारखेपासून पुढच्या. १ ते १२ मात्र उजवीकडे.

इथे सगळा उलगडा आहे. एक्सेल तारीख ही संख्या म्हणून साठवतं आणि संख्या उजवीकडे लागते, मजकूर डावीकडे. मी उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये तारखा अमेरिकी पद्धतीने होत्या, आधी महिना, मग दिवस. माझा संगणक मात्र आपल्या पद्धतीने वाचत होता, आधी दिवस, मग महिना. ७ फेब्रुवारी ही तारीख '२/७' अशी आली की तो बिनदिक्कत २ जुलै वाचायचा, कारण असा दिवस असतोच. १९ फेब्रुवारी '२/१९' अशी आली की एकोणिसावा महिना कुठून आणायचा? मग ती तशीच मजकूर म्हणून सोडून द्यायचा. म्हणजे जी तारीख विचित्र दिसते ती बरोबर शाबूत आहे, आणि जी नीटनेटकी दिसते ती चुकलेली आहे. ऑफिसातही हाच अनुभव येतो. फाटकं व्हाउचर सहसा खरं निघतं.

आता दुरुस्ती. इथे बहुतेक जण, मीसुद्धा, रकाना निवडून 'टेक्स्ट टू कॉलम्स' मध्ये जाऊन तारखेचा क्रम बदलतात. त्याने फक्त मजकूर राहिलेल्या तारखा सुधारतात. ज्या आधीच उलटून बसल्या त्या आता एक्सेलच्या लेखी खऱ्या तारखा आहेत, त्यांना तो हात लावत नाही. त्यामुळे अर्धी शीट बरोबर, अर्धी चूक, आणि आता सगळ्याच तारखा उजवीकडे गेल्यामुळे कुठली अर्धी ते ओळखायची खूणही गेली. माझं हे झालं. एक अख्खा रविवार गेला.

म्हणून त्या शीटवर उपचार करूच नका. मूळ फाइल पुन्हा घ्या, दोनदा क्लिक करून उघडू नका, कोऱ्या शीटमध्ये 'डेटा' मधून आयात करा आणि आयात करतानाच तारखेचा क्रम महिना-दिवस-वर्ष आहे असं सांगा. याच ठिकाणी फाइल यूटीएफ-८ आहे हेही निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी डोक्यावर तिरक्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांची माळ येते. मग सगळा रकाना २०२५-०७-०२ अशा साच्यात बदलून घ्या: वर्ष, महिना, दिवस. हा साचा कुठलाही संगणक उलटा वाचत नाही, आणि नुसता मजकूर म्हणून राहिला तरी क्रम बरोबर लागतो. गूगल शीट वापरत असाल तर फाइलच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे का ते पाहा.

लेटरबॉक्स्डवरून उतरवलेल्या फाइलीत तारखा आधीच या साच्यात येतात, तिथे हा त्रास नाही. तिथला त्रास दुसरा आहे, डायरीच्या फाइलमध्ये तारखेचे दोन रकाने असतात. एक नोंद केल्याचा दिवस, दुसरा सिनेमा पाहिल्याचा. पहिला रकाना पहिला दिसतो म्हणून आपण तोच उचलतो. मी दिवाळीत बसून मागचे २३ सिनेमे एका दमात भरले होते. माझ्या शीटप्रमाणे मी नरकचतुर्दशीला २३ सिनेमे पाहिले.

तारखेचा शेवटचा घोळ रात्रीच्या खेळाचा. पावणेअकराला सुरू झाला, सव्वाला संपला, मग दिवस कुठला? त्यात काही सेवा वेळ जागतिक प्रमाणवेळेने साठवतात. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात केलेली नोंद आदल्या दिवसावर पडू शकते. ३१ डिसेंबरच्या रात्री यातून सिनेमाचं वर्षच बदलतं. मी यावर बराच काथ्याकूट केला. अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पंचांग बघ." संपलं. आता माझा दिवस सूर्योदय ते सूर्योदय. रात्रीचा खेळ कितीही लांबला तरी ज्या संध्याकाळी घरातून निघालो त्या दिवसाचा.

एकच सिनेमा दोनदा, किंवा दोन सिनेमे एकच

९४ चा फुगलेला आकडा मुख्यतः इथून आला. सहा सिनेमे दोन-दोनदा बसले होते.

त्यातले चार साधे होते, एकीकडे देवनागरीत, एकीकडे रोमन लिपीत. पाचवा 'मुंबई-पुणे-मुंबई', एकदा आडव्या रेघांसह, एकदा रेघांशिवाय. सहाव्याने मात्र छळलं. 'नवरी मिळे नवऱ्याला', १९८४ चा. दोन्ही ओळी देवनागरीत, अक्षर न् अक्षर तेच, रिकामी जागाही तपासली. तरी एक्सेल म्हणे या वेगळ्या आहेत. शोधा म्हटलं तर एकच सापडायची.

दोष 'ऱ्या' मध्ये होता. मराठीतला हा डोक्यावर न जाता आडवा पडणारा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. फोनचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, ऑफिसातला संगणक दुसरी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲ' चंही तेच, एकसंध अक्षरही आहे आणि अ ला चंद्र जोडूनही होतो. तुमच्या यादीत नवऱ्या, दुसऱ्या, किंवा ॲ असलेली नावं जुळत नसतील तर आणखी काही तपासू नका, हेच आहे. दोन्हीपैकी एक रूप 'शोधा आणि बदला' मध्ये चिकटवून सगळीकडे दुसरं करून टाका.

उलट प्रकारही होतो, दोन सिनेमे एकात मिसळतात. 'देवदास' नुसतं लिहिलंत तर १९५५ चा की २००२ चा? आणि त्याआधी १९३५-३६ चे आहेतच. 'श्यामची आई' १९५३ चा आणि २०२३ चा. आम्ही गेल्या वर्षी दोन्ही पाहिले, वहीत दोन्ही नुसतंच 'श्यामची आई', आणि मीच शहाणपणाने एक ओळ दुबार म्हणून खोडायला निघाले होते. म्हणून नावापुढे वर्ष हवंच.

पण वर्षही कुठलं? 'कोर्ट' व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे चित्रपटगृहात लागला एप्रिल २०१५ मध्ये. संकेतस्थळं बहुधा पहिलं वर्ष धरतात, आपण तिकिटावरचं. काहीही धरा, पण वर्षभर एकच धरा. मला याचाही कंटाळा आला तेव्हा मी आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावरचा क्रमांक घालायला लागले. प्रत्येक सिनेमाच्या पानाच्या पत्त्यात 'टीटी' या दोन अक्षरांपुढे सात-आठ आकडी क्रमांक असतो. तो एका सिनेमाचा एकच. खतावणीच्या रविवारी तेवढा रकाना भरला की नाव कसंही लिहा, क्रमांक सारखा आला तर सिनेमा तोच.

वर्षाच्या या गोंधळाला आमच्या घराजवळच जुना दाखला आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, वारले नाशिकात. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. पण तीच कथा त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं शिल्लक आहेत ती या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. मी ती यूट्यूबवर पाहिली. वहीत लिहिलं: 'राजा हरिश्चंद्र, १९१३, खरं तर बहुधा १९१७.' अशी ओळ चालते. शीटमध्ये वर्षाच्या रकान्यात १९१७ टाकला.

'पाहिला' कशाला म्हणायचं

वही, लेटरबॉक्स्ड आणि शीट यांच्यातल्या उरलेल्या फरकात या प्रश्नाचाही वाटा होता. मला महिन्यातून एकदा कामासाठी मुंबईला जावं लागतं. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून निघाले की इगतपुरीपर्यंत चहा आणि गप्पा, मग फोनमध्ये उतरवून ठेवलेला सिनेमा. कसाऱ्याच्या बोगद्यांत स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो तेवढा वेळ सोडला तर सलग पाहून होतं, पण कल्याण आलं की माणसं वाढतात आणि सिनेमा बंद. उरलेला परतीच्या गाडीत, किंवा चार दिवसांनी, किंवा कधीच नाही. सेवेच्या इतिहासात मात्र दहा मिनिटं पाहिलेलाही सिनेमा पाहिलेला म्हणून लागतो. असे चार अर्धवट माझ्या ८८ मध्ये आणि ९४ मध्ये शिरले होते.

मी आता संपल्याशिवाय नाव लिहीत नाही. संपेल त्या दिवसाची तारीख. अर्धवट राहिलेल्यांचं वहीच्या मागच्या पानावर वेगळं खातं आहे, तिथे नाव आणि किती मिनिटांवर सोडला ते. अण्णांचं म्हणणं, दुपारी टीव्हीवर अर्ध्यातून लागलेला पण आधी तीनदा पाहिलेला सिनेमा का नाही धरायचा? मी धरत नाही. ते स्वतःचे धरतात. घरात दोन वेगळे कायदे असले तरी चालतं, एका वहीत नकोत.

लघुपटांचं मी ऑस्करवाल्यांच्या नियमाने करते, नामावलीसकट ४० मिनिटं किंवा त्याहून कमी तर लघुपट, वेगळ्या यादीत. हा नियम लावताना पुन्हा फाळकेच आडवे आले. 'राजा हरिश्चंद्र' मूळचा ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये फुटाला १६ चौकटी, म्हणजे ५९,२०० चौकटी. मूकपट साधारण सेकंदाला १६ चौकटींनी चालवला तर तासाच्या थोडा वर जातो. बोलपटाच्या २४ च्या वेगाने चालवला तर ४१ मिनिटं. एका मिनिटाने वाचला.

दुसऱ्यांदा पाहिलेला सिनेमा नवीन ओळीत लिहा आणि पुढे 'पु.' करा. मग 'किती वेळा बसलो' आणि 'किती वेगळे सिनेमे' असे दोन आकडे निघतात, आणि भांडण या दोन आकड्यांत असतं, माणसांत नाही. डब केलेला असेल तर भाषा लिहा.

लेटरबॉक्स्डवरचा वर्षाचा आकडा वहीशी जुळत नाही

थोडक्यात. तिथे डोळ्याचं चिन्ह दाबलं की सिनेमा 'पाहिलेला' होतो, पण त्याला तारीख लागत नाही. वर्षाच्या हिशेबात यायला तो डायरीत तारखेसह नोंदवावा लागतो. अर्धवट पाहिलेल्या चारांची मी डायरीत नोंद करून बसले होते, आणि चित्रपटगृहात पाहिलेल्या दोघांना नुसता डोळा लावला होता. ८८ मधून ४ गेले, २ आले, ८६. शीटमध्येही हेच सहा घोळ आणि वर सहा दुबार: ९४ वजा ६ वजा ४ अधिक २, ८६. वहीत ७९ होते, प्रवासात फोनवर पूर्ण पाहिलेले ७ लिहायचेच राहिले होते, ८६.

तिन्ही जुळल्यावर मी अण्णांना हाक मारली. ते म्हणाले, "तेरीज लागली म्हणजे नोंदी बरोबर आहेत असं नाही, हे तुला कॉलेजात शिकवलं होतं ना?" तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजा जुळतात का ते पाहणं.

दर महिन्याला तेरीज लावत जा, डिसेंबरची वाट पाहू नका. महिन्याला सात-आठ ओळी असतात, पाच मिनिटांत होतं. फरक आला तर तो त्याच महिन्यात दडलेला असतो, ३६५ दिवसांत शोधावा लागत नाही.

आणि एक प्रत दुसरीकडे. २०२३ ची माझी सगळी नोंद फोनमधल्या एका साध्या टिपणात होती. चार्जिंगची खाच दुरुस्त करायला फोन दिला, परत आला तो कोरा करकरीत. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता फास्ट चालेल." तेव्हापासून मूळ नोंद कागदाच्या वहीत, आणि महिन्याच्या रविवारी शीटची प्रत स्वतःलाच ईमेल.

एक ओळ अजून सुटलेली नाही. १७ ऑगस्ट, अण्णांसोबत, कॉलेज रोड, आणि नावाच्या जागी माझ्याच अक्षरात 'तो रेल्वेचा'. त्या दिवसाचा ईमेल नाही, कारण तिकीट खिडकीवर रोखीने काढलं होतं. तिकीट मिळालं, कोरं. डोळ्याचं चिन्ह लावलेल्या दोघांतला एक हाच असं मी धरलं, पण त्या सिनेमात रेल्वे नाही, एक दृश्य बसस्टँडवरचं आहे. अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, रेल्वेचा तो नव्हेच, त्या दिवशी आपण रेल्वे फाटकात अडकून सुरुवातीची दहा मिनिटं चुकवली होती. म्हणजे माझ्याच नियमाने तो पूर्ण पाहिलेला धरायचा का, हे आता पुढच्या रविवारी.